पॅकेज नंतर, आधी माथा नीट तपासून घ्या

पत्र:

"डॉक्टर, मी ३९ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सप्टेंबरात डेंग्यू झाला. डिसेंबरपासून केस मुठीने गळतायत. सकाळी गुंतवळ हातात आली की रडू येतं. तसा भांग दोन-तीन वर्षांपासूनच रुंद होत चाललाय. शेवटी पुण्याला एका हेअर क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या मुलीने डोक्यावर पेनासारखा कॅमेरा टेकवला आणि समोरच्या टीव्हीवर माझा माथा दाखवला. छिद्रं तेलाने बुजलीत, बरीचशी मुळं मेलीत, गळालेल्या केसाला पांढरा गोळा दिसतो म्हणजे मूळच उपटून येतंय, असं तिने सांगितलं. पीआरपीच्या बैठका, सीरम आणि बायोटिनच्या गोळ्या असं साठ हजारांचं पॅकेज आहे. महिनाअखेरीच्या आत पैसे भरले तर सूट. मिस्टर म्हणतात, कॅमेरा-बिमेरा सगळा दिखावा आहे. सासूबाई म्हणतात, माक्याचं तेल लाव. अशी तपासणी खरी असते का? पॅकेज घेऊ का? आणि दुसरीकडे दाखवायचं झालं तर कुठे, कशी जाऊ?

ता. क. माथ्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढी एक जागा आहे. तिथे अधूनमधून आग होते, खाजतं. कोंडा असेल बहुतेक."

*

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात ताज्या कलमापासून करते. साऱ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीची. डेंग्यूनंतरची केसगळती त्रास देते, पण ती बहुतेकांची थांबते आणि केस परत येतात. भांग रुंद होतो तो वर्षानुवर्षं, हळूहळू. त्यावर विचार करायला वेळ असतो. पण माथ्यावर एकाच ठरावीक जागी आग आणि खाज होत असेल आणि तिथले केस कमी होत असतील, तर तिथे व्रण ठेवून जाणारा आजार तर नाही ना, हे आधी बघावं लागतं. अशा आजारात केसाच्या मुळाभोवती दाह होतो आणि मुळाच्या जागी व्रणाची ऊती तयार होते. एकदा तसं झालं की त्या छिद्रातून पुन्हा केस येत नाही, कोणत्याही तेलाने नाही आणि कोणत्याही इंजेक्शनने नाही. उरलेले केस मात्र वाचवता येतात. म्हणून वेळेला महत्त्व आहे.

हे वाचून घाबरू नका. ती जागा साध्या कोंड्याचीही असू शकते. सोरायसिस असू शकतो, कलपाची अ‍ॅलर्जी असू शकते. पत्रावरून मी निदान करणार नाही. आज एवढंच करा. उन्हाच्या उजेडात घरातल्या कोणाला तरी तिथले केस बाजूला करून बघायला सांगा आणि मोबाइलवर जवळून दोन-तीन फोटो काढून ठेवा. त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते का? केसांची बारीक छिद्रं तिथे आहेत, की पुसल्यासारखी झालीत? कडेच्या केसांच्या बुडाशी पांढरट पापुद्र्याचं कडं आहे का? त्यासोबत आरशात तोंड उघडून गालाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रेषांची जाळी दिसते का, तेही बघा. भुवया अलीकडे विरळ झाल्यात का, हेही आठवून ठेवा. यातलं काहीही दिसलं तर महिनाअखेरीची वाट न बघता येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. काही दिसलं नाही तरी दाखवायचंच आहे, कारण अशा आजाराच्या सुरुवातीच्या खुणा नुसत्या डोळ्यांना बऱ्याचदा दिसतच नाहीत.

त्या दिसतात कॅमेऱ्याखाली. म्हणजे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला मान्य नाही. माथा भिंगाखाली बघणं ही खरी आणि फार उपयोगी तपासणी आहे. तिला ट्रायकोस्कोपी म्हणतात. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या लिडिया रुडनिका आणि माउगोझाता ओल्शेव्स्का या दोन डॉक्टरांनी २००६ मध्ये हे नाव रूढ केलं. त्वचेवरचे तीळ बघण्यासाठी जे भिंग वापरलं जात होतं तेच माथ्यावर लावून केसांच्या आजारांच्या खुणा एकेक करून नोंदल्या गेल्या. आज अनेक त्वचारोगतज्ज्ञांच्या खिशात दहा पटींनी मोठं दाखवणारा डर्मॅटोस्कोप असतो. काहींकडे संगणकाला जोडलेला, वीस ते सत्तर पटींपर्यंत किंवा त्याहून मोठं दाखवणारा व्हिडिओ डर्मॅटोस्कोप असतो. सुई नाही, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होतं.

खोट कॅमेऱ्यात नव्हती. त्या चित्रावरून तुम्हाला जे सांगितलं गेलं, त्यात होती. ते एकेक करून बघू या, कारण अशाच वाक्यांनी कितीतरी बायका घाबरून पैसे भरतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

"मुळं मेलीत." डोक्यावरच्या जाड केसाचा कंद त्वचेच्या पृष्ठभागापासून सुमारे चार मिलिमीटर खोल, कातडीखालच्या चरबीत असतो. ट्रायकोस्कोपीत दिसतो तो बाहेर आलेला केस, त्याचं छिद्र, भोवतालच्या त्वचेचा रंग, पापुद्रे आणि वरच्या थरातल्या रक्तवाहिन्या. मूळ तिथे दिसतच नाही. छिद्र नाहीसं झालंय का, केस बारीक झालाय का, तुटलाय का, यावरून आत काय चाललंय याचा अंदाज जाणकार माणूस बांधतो. पण पडद्यावर बोट ठेवून "हे मूळ मेलं" असं म्हणता येत नाही. आणखी एक. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर केसांच्या मधल्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ती घामाची आणि केसांची छिद्रं असतात आणि ती निरोगी माथ्यावरही असतात. त्यांच्या भोवती तपकिरी रंगाचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं दिसतं, तोही आपला नेहमीचा रंगच. ज्याला हे शिकवलेलं नाही त्याला हे ठिपके व्रणासारखे वाटू शकतात. व्रणाचे पांढरे ठिपके मोठे आणि अनियमित असतात, आणि तिथलं हे जाळं विस्कटलेलं असतं. हा फरक ओळखायला बरेच माथे बघावे लागतात.

"छिद्रं तेलाने बुजलीत." माथ्यावर पिवळट ठिपके दिसतात हे खरं. ते छिद्रात साठलेल्या तेलाचे आणि केराटिनचेच असतात. पण ते साठतं ते केस पडून गेल्यावर, किंवा अगदी बारीक होऊन गेल्यावर. जागा रिकामी झाली म्हणून तिथे तेल साठलं. तेल साठलं म्हणून केस गेला असं नाही. त्यामुळे छिद्रं "साफ" करून केस उगवतील असं सांगणारा उपचार मुळातच उलट्या दिशेने चाललेला असतो. शिवाय त्या दिवशी तुम्ही तेल लावून गेला होतात का, हे तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

"पांढरा गोळा म्हणजे मूळ." नाही. केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तीनेक महिने तो नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. अशा विसाव्यातल्या केसाच्या टोकाला तो पांढरा गोळा असतोच. तो गळाल्यावर छिद्र जागच्या जागी राहतं आणि त्यातून नवा केस येतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं ही नेहमीची गोष्ट आहे. तुम्ही आठवड्यातून दोनदा न्हात असाल तर त्या दिवशीच्या कंगव्यात तीन-चार दिवसांचे केस एकदम येतात. ते बघून काळजाचा ठोका चुकतो खरा.

आता डेंग्यूबद्दल. सप्टेंबरात ताप, डिसेंबरात गळती, हा हिशोब अगदी बरोबर जुळतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, टायफॉइड, उपाशी राहून केलेलं डाएट, असा कोणताही धक्का बसला की वाढत असलेले पुष्कळ केस एकाच वेळी विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळायला लागतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. कोविडनंतरही हेच झालं होतं, तुमच्या स्टाफरूममध्ये कोणाला तरी नक्की आठवत असेल. अशी गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत ओसरते. भिंगाखाली याची स्वतःची अशी खास खूण नसते, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिकामी छिद्रं, दोन-तीन केसांऐवजी एकेकट्या केसाची छिद्रं आणि मधूनमधून ताठ उभे, टोकदार, नव्याने येणारे केस दिसतात. हे चित्र पुढे आणि मागे साधारण सारखंच असतं. मूळ कारण तुमच्या हकिकतीतून कळतं, कॅमेऱ्यातून नाही. म्हणून जो डॉक्टर आधी चार प्रश्न विचारतो आणि मग भिंग हातात घेतो, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवा.

भांग रुंद होणं ही वेगळी गोष्ट. तुम्ही म्हणता ते डेंग्यूच्या आधीपासून आहे. स्त्रियांमध्ये आनुवंशिक विरळपणा असाच येतो. पुढची केसांची रेघ तशीच राहते, पण भांगापासून माथ्यावर केस बारीक होत जातात. इथे भिंगाचा खरा उपयोग होतो. निरोगी माथ्यावर एका छिद्रातून बहुधा दोन-तीन केस निघतात आणि ते साधारण सारख्याच जाडीचे असतात. आनुवंशिक विरळपणात एकाच ठिकाणी जाड, मध्यम, बारीक असे सगळे केस शेजारी शेजारी दिसतात, जशी कोणी एकाच वेणीत लोकर, शिवणदोरा आणि रेशीम घालून गुंफलेली असावी. जाडीतला असा फरक वीस टक्क्यांहून जास्त केसांत दिसला, की या निदानाकडे बोट जातं. काही छिद्रांभोवती तपकिरी कडं दिसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे पुढच्या भागात दिसतं, मागे मानेच्या वरच्या केसांत जवळजवळ दिसत नाही. म्हणून पुढचा आणि मागचा भाग शेजारी ठेवूनच बघायचा असतो. तुमच्या क्लिनिकमध्ये कॅमेरा कुठे-कुठे ठेवला होता ते आठवा. फक्त भांगावर ठेवला असेल तर अर्धीच तपासणी झाली. आणि ती आग होणारी जागा तर त्यांनी बहुधा बघितलीच नाही, नाहीतर पैशांच्या आधी तिचा विषय निघाला असता.

म्हणजे तुमच्या माथ्यावर दोन, कदाचित तीन गोष्टी एकाच वेळी चालू असू शकतात. डेंग्यूमुळे केस एकदम गळाले आणि आधीपासूनचा विरळपणा उघडा पडला, असं मी फार वेळा बघते. हे दोन्ही वेगळे ओळखले नाहीत तर काय होतं? गळती आपोआप थांबते, श्रेय पॅकेजला जातं, आणि भांग आपला रुंद होतच राहतो.

त्या आग होणाऱ्या जागेवर तज्ज्ञ काय शोधेल ते सांगते, म्हणजे तपासणी नीट झाली की नाही हे तुम्हालाही कळेल. लायकेन प्लॅनोपायलॅरिस नावाच्या आजारात केसाच्या बुडाशी पापुद्र्याची नळी चढलेली दिसते, मधली छिद्रं नाहीशी होतात, आणि आपल्या त्वचेवर छिद्रांभोवती निळसर-करड्या ठिपक्यांचं गोल कडं दिसतं. डिस्कॉइड ल्यूपसमध्ये छिद्रांत जाड बुचं, मोठे पिवळे ठिपके आणि फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. त्यात डॉक्टर कानाच्या भोकाबाहेरचा खळगाही बघतात. सोरायसिसमध्ये लाल ठिपके आणि वेटोळ्या रक्तवाहिन्या दिसतात, पण छिद्रं शाबूत असतात, आणि ही चांगली बातमी असते. पापुद्रे बघायचे असतील तर भिंग कोरडंच लावायचं असतं; जेल किंवा स्पिरिट लावलं की पापुद्रे पारदर्शक होतात आणि दिसेनासे होतात. तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

शंका राहिली तर डॉक्टर बायोप्सी सुचवतील. बायोप्सी म्हटलं की लोक कॅन्सर समजतात. इथे तसं काही नाही. जागा बधिर करून चार मिलिमीटर व्यासाचा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, चार केसांखाली तो दिसतही नाही. इथेही भिंगच कामी येतं. तुकडा गुळगुळीत झालेल्या मधल्या भागातून घेतला तर अहवालात नुसता "जुना व्रण" येतो. भिंगाने बघून, जिथे केस अजून आहे आणि त्याच्या बुडाशी दाह चालू आहे, अशा कडेच्या जागेतून घेतला तर नेमकं निदान होतं. बायोप्सी सुचवली तर "तुकडा कुठून घेणार?" हे निःसंकोच विचारा.

आता जाण्याबद्दल. नावाच्या पाटीखाली डिग्री वाचा. त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी, किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल असे डिप्लोमा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. 'ट्रायकॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे विचारा. काही आठवड्यांचा कोर्स करूनही ही पाटी लावलेली दिसते. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, पुण्यात ससूनमध्ये आहे. रांग लागते, पण तिथे तपासणारे डॉक्टर या विषयाचे असतात आणि त्यांना तुम्हाला सीरम विकायचं नसतं.

तेल लावून जाऊ नका. आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी साध्या शाम्पूने न्हाऊन घ्या. अगदी त्याच सकाळी नको, कारण मग पापुद्रे आणि गळणारे केस दोन्ही धुऊन जातात आणि माथा आहे त्यापेक्षा बरा वाटतो. कलप किंवा मेंदी दोन आठवडे तरी लावू नका. रंगाचे कण छिद्रांत बसतात आणि काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि काळे ठिपके ही चाईची (गोल चट्ट्याने केस जाण्याच्या आजाराची) खूण असते, म्हणून घोळ होतो. विरळ जागा झाकायला फवारायचे ते केसांचे तंतूही नकोत. शाळेत जाताना घट्ट अंबाडा घालत असाल तर या काळात सैल वेणी घाला, कारण सततच्या ओढीनेही कपाळाच्या कडेचे केस जातात आणि तपासणीत ते वेगळं ओळखावं लागतं. नखांना नेलपॉलिश नको. चाईत आणि लायकेनमध्ये नखांवरही खुणा दिसतात. जुने फोटो घेऊन जा. चार-पाच वर्षांपूर्वीचा हळदीकुंकवाचा, वरून भांग दिसणारा एखादा फोटो असेल तर तो कितीतरी सांगतो. डेंग्यूच्या वेळचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाळी नियमित आहे का, अंगावर जास्त जातं का, आई-मावशीचे केस कसे होते, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. शिक्षिका आहात, हे तुम्हाला सांगायला नको.

रक्ताच्या तपासण्या सांगतील. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बहुधा ब१२ आणि ड जीवनसत्त्व. लोहाची कमतरता आपल्याकडच्या बायकांत घरोघरी आहे आणि ती भिंगाखाली दिसत नाही. इथे एक सूचना. तुम्ही बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर डॉक्टरांना आणि लॅबमध्ये आधी सांगा. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. थायरॉइड व्यवस्थित असूनही तो जास्त काम करतोय असा अहवाल येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केसांसाठी घेतलेल्या गोळीपायी कोणाला थायरॉइडची औषधं सुरू व्हावीत, असं व्हायला नको. शिवाय बायोटिनची कमतरता असलेली माणसं फार विरळा.

तपासणी झाल्यावर "काय दिसलं?" हे विचारा आणि कागदावर लिहून मागा. व्रण ठेवणारा आजार आहे की नाही? पुढे-मागे फरक आहे का? केसांच्या जाडीत फरक आहे का? फोटो कोणकोणत्या जागेचे काढलेत? हे फोटो जपून ठेवा. चार-सहा महिन्यांनी त्याच जागेचे, तेवढेच मोठे करून फोटो काढले तरच औषधाचा उपयोग होतोय का हे कळतं. आरसा आणि गुंतवळ दोन्ही यात फसवतात.

पॅकेजबद्दल आता वेगळं काय सांगू? पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग माथ्यात टोचणं. आनुवंशिक विरळपणात काही जणांना त्याचा उपयोग होतो, तोही इतर औषधांच्या जोडीला. डेंग्यूनंतरच्या गळतीला त्याची गरज नसते. आणि ती आगीची जागा काय आहे हे ठरल्याशिवाय तिथे सुया टोचून घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. लायकेनसारख्या आजारात त्वचेला झालेल्या इजेने दाह आणखी भडकू शकतो. निदान आनुवंशिक विरळपणाचं निघालं तर बहुधा मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधापासून सुरुवात होईल. ते सुरू केल्यावर पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती थोडी वाढते, जुने केस जागा सोडतात म्हणून. त्या वेळी घाबरून औषध सोडू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध थांबवलं की मिळालेला फायदाही हळूहळू जातो. हे आधीच माहीत असलं तर निराशा कमी होते. गरोदर राहण्याचा विचार असेल तर सुरुवातीलाच सांगा, तेव्हा हे औषध देत नाहीत.

सासूबाईंच्या तेलाला माझी हरकत नाही. हलक्या हाताने केसांना लावा, केस मऊ राहतात, तुटत कमी. तेल तपासणीच्या आदल्या दिवसांत नको आणि त्या आग होणाऱ्या जागेवर तर निदान होईपर्यंत मुळीच नको. घासून, गरम करून मालिश नको. त्या प्रेमाने सांगतायत, तेव्हा "डॉक्टरांनी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय" एवढं त्यांना पुरेल.

तुम्ही प्राथमिक शाळेत शिकवता म्हणून एक विषयांतर. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा दिसला की लगेच "चाई पडली" म्हणतात आणि कोणीतरी कांदा किंवा लसूण चोळतं. मुलांमध्ये तो चट्टा बुरशीचाही असतो, आणि तो संसर्गजन्य असतो. भिंगाखाली हे दोन्ही फार सुंदर वेगळे दिसतात. चाईत उद्गारचिन्हासारखे केस दिसतात, वर जाड आणि बुडाशी निमुळते. बुरशीत केस स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा बुचाच्या स्क्रूसारखे पिळलेले दिसतात. बुरशीला पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात, नुसत्या मलमाने ती जात नाही, कारण ती केसाच्या आत शिरलेली असते. कधी कधी चट्ट्यात वेगवेगळ्या लांबीवर तुटलेले केस दिसतात, म्हणजे मूल स्वतःच केस उपटत असतं. त्याला रागावण्याची नाही, समजून घेण्याची गरज असते. असं मूल दिसलं तर त्याला मागच्या बाकावर बसवू नका, टोपी घालू द्या आणि पालकांना दवाखान्यात पाठवा.

केसांच्या बाबतीत अंदाज किती भराभर पसरतात हे आपण २०२५च्या जानेवारीत बघितलंच. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस काही दिवसांत हातात यायला लागले आणि 'टक्कल व्हायरस' असं नावही पडलं. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथकं आली, नमुने घेतले गेले. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्या गावांतल्या लोकांची लग्नं मोडायची वेळ आली होती, लोक त्यांच्याकडे जायला घाबरत होते. त्या वेळी तिथे जो कोणी शाम्पू किंवा तेल विकायला गेला असता, त्याला गिऱ्हाईक मिळालंच असतं. घाबरलेला माणूस विकत घेतो. तुम्हाला महिनाअखेरीची मुदत देणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे.

तेव्हा क्लिनिकचा फोन आला तर "माझ्या तपासणीचे फोटो आणि लेखी निदान पाठवा, माझ्या डॉक्टरांना दाखवते" एवढंच सांगा. तुमच्याच माथ्याचे फोटो आहेत, मागायला संकोच नको. ते आले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. नाही आले तरी तुमची भेट अडत नाही. सातारा शहरात भेट ठरवताना फोनवरच विचारा, डॉक्टरांकडे डर्मॅटोस्कोप आहे का, आणि बायोप्सी लागली तर तिथेच होते का. दोन्हीला हो म्हणाले तर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरची वेळ घ्या, आणि त्या जागेचे मोबाइलवरचे फोटो सोबत न्यायला विसरू नका. निदान काय निघालं ते मला जरूर कळवा. लायकेन किंवा ल्यूपस निघालं तर पुढच्या औषधांबद्दल, त्यातल्या काही औषधांसाठी कराव्या लागणाऱ्या डोळ्यांच्या तपासणीबद्दल मी तुम्हाला सविस्तर लिहीन.